काळा दगड आणि ‘भाळलेला’ लेखक

पुणे विद्यापीठाच्या आवारातील आयुका या खगोलशास्त्र संशोधन संस्थेच्या वास्तूवरील माझ्या लेखाला आपण दिलेली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. तिचे वास्तुकार चार्ल्स कोरिया यांचा जन्म गोव्यात झाला असे मी लिहिले होते. घराणे गोव्याचे असले तरी त्यांचा जन्म १९३० मध्ये सिकंदराबादला झाला, ही आपली दुरुस्ती मान्य आहे आणि लेखात ती केलीही आहे. मात्र तिच्या पाठोपाठ ‘लेखक नाव पाहून भाळला आहे, दगड पाहून नव्हे’ असा जो शेरा आपण मारला आहे, तो निमूटपणे गिळणे मला जमणारे नाही.

दगड मी पाहिला आहे. माझे वडील विद्यापीठाच्या कचेरीत कारकून होते. १९९० च्या सुमारास आयुकाचे काम चालू असताना शाळा सुटली की मी सायकल दामटत थेट तिकडे जात असे. पाथरवट उकिडवे बसून छिन्नीने काळा पाषाण घडवत असत आणि कपची डोळ्यात उडेल म्हणून आम्हा पोरांना हाकलत असत. कोरिया हे नाव तेव्हा माझ्या कानावरही आले नव्हते, मग भाळलो ते कोणाच्या नावावर, हे आपणच सांगावे.

पुढे भिंती उभ्या राहिल्या. तळाशी इथलाच खडबडीत पाषाण, त्यावर अधिक काळा कडप्पा आणि माथ्याला घोटून आरसा केलेला काळा ग्रॅनाइट, ज्यात ढग सरकताना दिसतात. कडप्पा म्हणजे आमच्या घरी स्वयंपाकाचा ओटा. तो भिंतीवर चढलेला पाहून आईला हसू आवरेना. अवकाशाचा काळोख दाखवण्यासाठी ही चढती काळी छटा योजली आहे, हे मला फार नंतर कळले. पण पावसाची सर येऊन गेल्यावर भिंत कुठे संपते आणि आभाळ कुठे सुरू होते याचा गोंधळ मात्र त्या वयातही उडाला होता. आपल्याला तेथे ‘तुरुंग’ दिसला. दिसो बापडा! परंतु तो न दिसणाऱ्याला ‘भाळलेला’ ठरवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

नवी वास्तू विद्यापीठाच्या मुख्य इमारतीच्या शैलीतच हवी होती, असेही आपण म्हणता. ती इमारत १८६४ मध्ये बांधायला घेतली गेली ती मुंबईच्या गव्हर्नरसाहेबांच्या पावसाळी मुक्कामासाठी. विद्यापीठ तेथे आले १९४९ मध्ये. ‘एक माजी विद्यार्थी’ अशी सही करणाऱ्याला एवढे ठाऊक नसावे, याचे नवल वाटते. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांनी उभारलेल्या आयुकासाठी कोरियांनी मध्यभागी पायऱ्यांचे कुंड केले, त्यात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे आले. यात परके काय आणि आपले काय, हे गव्हर्नरच्या मनोऱ्याची बाजू घेणाऱ्याने मला शिकवू नये.

काळी फरसबंदी उन्हात तापते आणि कुंडाच्या पायऱ्या वृद्धांना व चाकाच्या खुर्चीवरील माणसांना अडचणीच्या ठरतात, असे आपण शेवटी लिहिले आहे. तो वेगळा विषय आहे, त्यात मी येथे शिरत नाही. यापुढे लिहावेसे वाटले तर कृपया स्वतःच्या नावाने लिहावे.