काळ्या तलवारीचं कलम सात

माझा धंदा करसल्लागाराचा. सरकार नियम करतं आणि मी त्यातून माणसं सुखरूप बाहेर काढतो. त्यामुळे "काका, आमच्या खेळासाठी एका तलवारीचे नियम लिहून द्या ना," असं पुतण्या म्हणाला तेव्हा मला वाटलं, एका रविवारचं काम. चहा, पोहे, चार ओळी. सात रविवार गेले.

चूक माझीच. त्या तलवारीची गोष्ट त्याला मीच सांगितली होती. बी.कॉम. सेकंड इयरला असताना इंदूरच्या खजुरी बाजारात जुन्या पुस्तकांच्या ढिगातून मायकेल मूरकॉकची एक फाटकी कादंबरी मी उचलली होती. नायकाचं नाव एलरिक. बादशहा खरा, पण रंगाने पांढराफटक, डोळे लाल, आणि प्रकृती अशी की काढे घेतल्याशिवाय उभं राहवत नाही. त्याच्या हातात स्टॉर्मब्रिंगर नावाची काळी तलवार. ती ज्याला मारते त्याचा आत्मा पिते आणि त्यातली ताकद थोडी मालकाला देते. कमिशन म्हणा. आता गोम अशी की तलवारीला शत्रूपेक्षा मालकाची माणसं जास्त रुचतात. १९६१ साली छापून आलेल्या पहिल्याच कथेत ती एलरिकच्या प्रेयसीला गिळते. घाव त्याच्या हातचा, इच्छा तलवारीची. मी दोन रात्री झोपलो नव्हतो. (तिसऱ्या दिवशी कॉस्टिंगचा पेपर होता, तेही एक कारण असेल.)

पुतण्याचा खेळ म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स. १९७४ मध्ये अमेरिकेत निघाला आणि आमच्या रामबागेतल्या दिवाणखान्यात पोचायला त्याला पन्नास वर्षं लागली. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातली पात्रं व्हायचं, आणि "मी राक्षसाला मारतो" म्हटलं की ते जमलं की नाही हे वीस बाजूंच्या फाशाने ठरवायचं. माझ्या आईने पाच मिनिटं पाहिलं आणि निकाल दिला, "सारीपाटच आहे रे. पट तेवढा डोक्यात." याहून चांगली व्याख्या मला आजवर सापडलेली नाही.

खेळणारे तिघं. एक पुतण्या. दुसरा त्याचा शाळेपासूनचा जैन मित्र, जो आमच्या घरात राहून राहून उत्तम मराठी बोलतो, पण वाद घालायचा झाला की हिंदीत शिरतो. तिसरी खंडव्याची एक मुलगी. भंवरकुआँला कोचिंगसाठी राहते आणि डोळे मिटून टक्केवारी काढते. तिघंही हुशार. माझ्या अशिलांपेक्षा फार हुशार, आणि फी देत नाहीत.

पुतण्या आधी म्हणाला होता, "काका, एवढं करायची गरज नाहीये. ब्लॅकरेझर आहे ना!" खरं होतं. १९७९ मध्येच या खेळाच्या एका साहसात ब्लॅकरेझर नावाची आत्मे गिळणारी काळी तलवार येऊन गेली होती, उघडच आमच्या हिच्यावरून बेतलेली. पण तयार फॉर्म भरून देणाऱ्याला सल्लागार म्हणत नाहीत. मी तिचं एक कलम मात्र घेतलं. आमच्या धंद्यात त्याला उचलेगिरी नाही, पूर्वनिर्णय म्हणतात. कलम असं: तीन दिवस आत्मा मिळाला नाही, तर त्यानंतरच्या सूर्यास्ताला तलवार मालकाशी भांडण काढते. मालकाने फासा टाकायचा. हरला तर तलवार म्हणेल तसं वागायचं.

पहिल्या रविवारी मी अकरा पानांचा मसुदा घेऊन बसलो. व्याख्या, कलमं, परंतुकं, सगळं. कलम चार वाचून झालं आणि जैन मित्राने हात वर केला.

"अंकल, तीन दिवस उपाशी राहिली तर भांडते?"

"हो."

"तीन दिवसांचा उपास म्हणजे आमच्यात तेला. मेरी दादी अठाई करती हैं. आठ दिवस. पाण्यावर. आणि कुणाशी भांडत नाही." थोडं थांबून, "आणि सूर्यास्तानंतर खायचं कशाला मागते ही?"

याला उत्तर माझ्याकडे नव्हतं. मुलगी मात्र तोपर्यंत कामाला लागली होती. तिने विचारलं, आत्मा कोणाचा हवा ते लिहिलेलं नाही. उंदराचा चालेल?

मूळ कलमात फक्त यंत्रपुतळे आणि भुतंखेतं वगळली आहेत. उंदीर वगळलेला नाही. "उंदराला आत्मा असतो का" यावर मी जैन मित्राकडे मोठ्या आशेने पाहिलं, तर तो माझ्याकडे असा बघायला लागला, जणू मीच उंदीर मारला. "अंकल, मुंगीलाही असतो." झालं. पुतण्याने पात्राच्या सामानात लिहून टाकलं: पोतं एक, उंदीर चाळीस. "सियागंजातल्या गोदामातून उचलू काका, टेन्शन नका घेऊ." ज्या तलवारीने माझी झोप उडवली होती, तिला आता दर तिसऱ्या दिवशी एक उंदीर लागलेला होता, दुधाच्या पिशवीसारखा.

जैन मित्राने तलवारीला हात लावायला नकार दिला तो याच दिवशी. खेळातसुद्धा. मला त्याचा आदर वाटला. नंतर कळलं, त्याने जादूगार घेतला होता आणि तो एका आगीच्या गोळ्यात वीस-वीस जण भाजायचा. पण ते हाताने नव्हे, असं त्याचं म्हणणं.

दुसऱ्या रविवारी दुरुस्ती आणली: आत्मा बोलता येणाऱ्या प्राण्याचाच हवा. मुलीने चार दरोडेखोर पकडून बांधून बरोबर घेतले. डबा सोबत नेतात तसे. तिसऱ्या रविवारी: आत्मा लढाईतच मिळवलेला हवा. त्यांनी दरोडेखोरांच्या हातात एकेक काठी दिली. चौथ्या रविवारी मी आलोच नाही, रिटर्न भरायची शेवटची तारीख होती. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी फार बरं वाटलं. आपली बाजू, आपले नियम, आपल्या पळवाटा.

पाचव्या रविवारी मी मुळावर घाव घातला. कलम सात: फाशावर १ पडला की तलवार हातात वळते आणि मालकाच्या सर्वांत लाडक्या माणसावर पडते, ते माणूस कुठेही असो. मुलगी डोळे मिटून म्हणाली, "एका फेकीला पाच टक्के. वीस वेळा फिरवली तर निदान एकदा पडायची शक्यता सुमारे ६४ टक्के." मी म्हटलं, "बरोबर. भीती वाटायलाच हवी." आणि तिघांना कागदावर आपापल्या पात्राचं सर्वांत लाडकं माणूस लिहायला सांगितलं.

कागद परत आले. पुतण्याच्या पात्राचे आईबाप ड्रॅगनने जाळले होते. मित्राच्या पात्राला लांडग्यांनी वाढवलं होतं, आणि ते लांडगेही वारले होते. मुलीच्या पात्राची स्मृती गेली होती. तिघं अनाथ! लाडकं माणूस: निरंक.

मी हतबुद्ध झालो. ज्या घरात साध्या मुंजीची यादी चारशेच्या खाली येत नाही, ज्या पुतण्याला देवास, उज्जैन, ग्वाल्हेर इथल्या एकूण सात मावश्या आहेत आणि त्यातल्या तीन एकमेकींशी बोलत नाहीत, त्याने गोष्टीत शिरताना दारातच सगळी भावकी कापून टाकावी? पुतण्या म्हणाला, "काका, सगळेच अनाथ बनवतात. नातेवाईक ठेवले की गोष्ट सांगणारा त्यांना पळवून नेतो." म्हणजे ही कुटुंबाची बेनामी मालमत्ता. तीस वर्षं मी हेच केलं आहे. अशिलाच्या नावावर काही ठेवायचंच नाही, मग जप्ती कशावर येणार? मी माझ्याच हत्याराने मेलो होतो.

सातव्या रविवारी मुलगी आली नाही, तिची टेस्ट होती. जागा रिकामी राहू नये म्हणून माझ्या बहिणीला बसवलं. ताई सुदामा नगरला राहते, पोह्यांचं पातेलं घेऊन आली होती आणि जाणारच होती. "मला काही येत नाही रे हे," म्हणत बसली आणि पुतण्याने तिच्या पात्राला काळी तलवार दिली, कारण दुसरं कुणी घेत नव्हतं.

पात्राचा कागद भरायला ताईला पाऊण तास लागला. ताकद, चपळाई वगैरे तिने पुतण्याकडून भरून घेतलं. मागची बाजू स्वतः भरली. सासू, दोन नणंदा, एक जाऊ (धाकटी, माहेर भोपाळ), कामवाली, कामवालीची मुलगी जिची फी ताईचं पात्र भरतं. मी म्हटलं, "ताई, यातलं सर्वांत लाडकं कोण, त्यावर खूण कर."

"लेखी?" ताई म्हणाली. "उद्या जावेने वाचलं तर?"

मग तिने विचारलं, या दोघांचं कोण आहे? पुतण्याने ड्रॅगनचं सांगितलं, मित्राने लांडग्यांचं. ताई काही बोलली नाही. तिने यादीच्या तळाशी दोन ओळी वाढवल्या आणि दोघांची पात्रं आपले भाचे म्हणून नोंदवून टाकली. "जेवायला कुठे जात असतील रे पोरं?" म्हणाली, आणि त्या दोन ओळींपुढे खूण केली.

पुढे लढाई लागली. ताईने आधी तलवारीलाच समजावलं, "हे बघ बाई, भूक लागली असेल तर सांग, आदळआपट नाही करायची." मग फासा टाकला.

फासा ताटांमधून घरंगळत गेला आणि थांबला. १.

कुणी काही बोललं नाही. भाचे दोन, मी विचारलं, कोण? ताईने पुतण्याकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. पुतण्या, जो पाच रविवार माझ्या कायद्याची चाळण करत होता, पात्राचं नावगाव विसरून म्हणाला, "आत्या, मी आहे हो!"

"अंकल," मित्र खाली वाकून म्हणाला, "फासा सपाट नाही पडलेला. टेकलाय."

खरंच टेकला होता, जिरावणाच्या, म्हणजे पोह्यांवर भुरभुरायच्या मसाल्याच्या, डबीला. एक कड डबीवर, एक सतरंजीवर. तिघं माझ्याकडे बघायला लागले. अकरा पानांत टेकलेल्या फाशाबद्दल अक्षर नव्हतं. त्या तलवारीने गेल्या सात आठवड्यांत पहिल्यांदा कुणाला तरी घाबरवलं होतं, माझं सगळं म्हणणं त्या एका आकड्यावर उभं होतं. मी चष्मा काढून पुसला.

"टेकलेला फासा धरत नाहीत," मी म्हटलं. "कलम सात, परंतुक."

ताईने परत टाकला. १४. एक गॉब्लिन गेला, तलवारीचं पोट भरलं, पुतण्याने पोह्यांची तिसरी ताटली घेतली आणि मी मसुद्याच्या समासात परंतुक लिहून घेतलं. पुढची फेक पुन्हा ताईची होती. तिने डबी उचलली, पोह्यांवर जिरावण भुरभुरलं, आणि परत ठेवताना चार बोटं अलीकडे ठेवली, फासा पडतो तिथे.