मालेविच रशियन आणि बाकी सगळी सहानुभूती?

‘युक्रेनची म्हणून वेगळी आधुनिक कला कधी नव्हतीच. जे मोठे झाले ते रशियन, आणि आज जे गाजतंय ते युद्धाच्या सहानुभूतीवर.’ शब्द थोडे इकडचे तिकडे करून हा मजकूर 2022पासून फिरतोय. ठणकावून लिहिलेला असतो, म्हणून पटतोही.

आधी अमूर्त चित्रकार काझिमिर मालेविच, कारण पुरावा म्हणून नाव त्याचंच पुढे केलं जातं. जन्म 1879चा, कीव्हमधला, आईवडील पोलिश. नाव झालं मॉस्को-पेट्रोग्राडला (आजचं सेंट पीटर्सबर्ग), हे कबूल. त्यामुळे ‘रशियन’ शिक्का खोडून तिथे ‘युक्रेनियन’ मारला की झालं, असं मलाही वाटत नाही. पण 1915च्या डिसेंबरात पेट्रोग्राडला त्याचं ‘काळा चौकोन’ हे चित्र भिंतीवर चढलं, त्याच्या महिनाभर आधी त्याच्या नव्या शैलीचे नमुने मॉस्कोत लागले होते ते उशी आणि स्कार्फांच्या नक्षीत. प्रदर्शन होतं युक्रेनमधल्या व्हेरबिव्का गावच्या भरतकामाचं. ते जुळवून आणणाऱ्यांत कीव्हची चित्रकार अलेक्झांड्रा एक्स्टर होती. पुढे 1928 ते 1930 मालेविच कीव्हच्या कला संस्थेत शिकवत होता. यातलं काहीच त्या मजकुरात येत नाही.

बरं, मालेविच बाजूला ठेवू. मग मिखाइलो बोइचुक कुणाचा? जुनी धर्मचित्रं, इटालियन भित्तिचित्रं आणि खेड्यातली लोककला यांतून त्याने भिंतीवर रंगवायची एक शैली घडवली, कीव्हमध्ये शिष्यांची फळी उभी केली. 1937 साली सोव्हिएत राजवटीने त्याला गोळी घातली. बायकोलाही, त्याच वर्षी. तीही चित्रकार होती. भिंतींवरची त्यांची बहुतेक कामं नष्ट केली गेली. त्याच सुमारास कीव्हच्या संग्रहालयात बंदी घातलेल्या चित्रांचा एक गुप्त ‘विशेष साठा’ जमा झाला, आणि ती चित्रं कित्येक दशकं कुणाला दाखवली गेली नाहीत. चित्रं दिसत नाहीत म्हणजे ती काढलीच नव्हती, हा तर्क पुसणाऱ्याच्याच सोयीचा.

राहिली सहानुभूती. युद्धामुळे दारं उघडली, हे खरंच आहे; नाकारायचं कशाला? पण आत गेलेलं काम कधीचं आहे ते बघा. खार्किव्हच्या बोरिस मिखाइलोव्हला छायाचित्रणातला हासेलब्लाड पुरस्कार मिळाला 2000 साली. आणि 2022च्या व्हेनिस बिएनाले या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात गाजलेलं पाव्लो माकोव्हचं कारंजं? धातूची 78 नरसाळी, वर एक, खाली दोन, मग तीन, अशा बारा रांगा. पाणी वरच्या एकाच नरसाळ्यात पडतं आणि प्रत्येक रांगेत वाटलं जातं. तळाशी पोचेपर्यंत नुसते थेंब उरतात. फेब्रुवारीत हल्ला झाला तेव्हा क्युरेटर बाईंनी ही नरसाळी खोक्यांत भरून आपल्या गाडीतून कीव्हबाहेर काढली. बातम्या झाल्या त्या या प्रवासाच्या. कल्पना मात्र 1995ची, पाणीटंचाईतल्या खार्किव्हमधली.