'उद्या काही झालं तर?' या प्रतिक्रियेला उत्तर

ताई, तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. तेव्हाच उत्तर लिहायला बसले असते तर काहीतरी बचावाचं लिहून गेले असते, म्हणून दोन दिवस थांबले.

तुम्ही लिहिलंय की एकटीने रानात मुक्काम करण्यावरचा माझा लेख वाचून तुमच्या २६ वर्षांच्या मुलीने तंबू आणला आणि पुढच्या महिन्यात एकटीच जाणार म्हणून जाहीर केलं. "आत्मविश्वासाने धोका कमी होत नाही. तुम्ही मुलींना भरीला घालता. उद्या काही झालं तर तुमचा लेख तिथे मदतीला येणार आहे का?" हा तुमचा प्रश्न. शिवाय, रात्रीची भीती पुरुषांनाही वाटते, मग रानातला मुक्काम बायकांना वेगळा शिकवायचा कशाला, हेही विचारलंय.

आधी माझ्या चुकीबद्दल. 'भीती फक्त मनात असते' असं एक वाक्य त्या लेखात होतं. ते आज काढून टाकलं. ओलं होऊन वाऱ्यात बसलं की अंगातली ऊब झपाट्याने जाते, ती मनात नसते. तंबूवर झुकलेली वाळकी फांदी मनात नसते. थंडी वाजते म्हणून बंद तंबूत स्टोव्ह पेटवला तर कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नाही, रंग नाही, माणूस झोपेतच दगावतो. हे सगळं खरं आहे, आणि तुमच्या मुलीने ते जायच्या आधी शिकायला हवं. तेवढ्यापुरतं तुमचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे.

पण आत्मविश्वास आणि धाडस या दोन गोष्टी तुम्ही एकच धरल्या आहेत, तिथे मात्र माझं वेगळं मत आहे. माझ्या पहिल्या एकटीच्या मुक्कामात माझ्याकडे धाडस भरपूर होतं. संध्याकाळी पाच वाजल्यापासून मी पाण्याचा घोटही घेतला नाही, कारण रात्री लघवीला तंबूबाहेर जायची हिंमत नव्हती. सकाळी डोकं ठणकत होतं, उतरताना दोनदा पाय घसरला. धोका अंधारात नव्हता, मी पाणी न पिण्यात होता. नंतर कितीतरी बायकांकडून हेच ऐकलं. आता मी शिकवते तेव्हा सुरुवात इथूनच होते: अंधार पडायच्या आत जागा बघून ठेव, तंबूपासून तिथपर्यंत उजेडात दोनदा चालून ये, हेडटॉर्च आणि चपला रोज त्याच कोपऱ्यात ठेव. पाण्याच्या जागेपासून निदान साठ-सत्तर मीटर लांब जायचं. पोटासाठी खड्डा लागला तर १५ ते २० सेंटिमीटर खोल. पाळीचे पॅड रानात पुरायचे नाहीत, घट्ट पिशवीत घालून परत आणायचे. हे कुणी मोठ्याने बोलत नाही, म्हणून प्रत्येकीला वाटतं की ही अडचण आपल्या एकटीचीच आहे.

आवाजांचंही तसंच. मागच्या थंडीत पन्नाशीच्या एक बाई माझ्याबरोबर होत्या. दोन तंबू, मध्ये पन्नासेक पावलांचं अंतर, काही वाटलं तर शिट्टी वाजवायची असं ठरलेलं. रात्री एकच्या सुमाराला शिट्टी वाजली. गेले तर त्या स्लीपिंग बॅगमध्ये ताठ बसलेल्या. "कुणीतरी तंबूभोवती चालतंय," म्हणाल्या. मी आत शिरले, टॉर्च बंद केला आणि दोघी ऐकत बसलो. खर्र... मग शांत. पुन्हा खर्र. मी म्हटलं, वारा कधी येतो तेही ऐका. चार-पाच वेळा ऐकल्यावर त्यांच्याच लक्षात आलं की वारा आला की आवाज येतो, पडला की थांबतो. त्यांनी आतून कापडावर तळवा टेकवला आणि तो सरकवत सरकवत नेमकी जागा शोधली. सैल पडलेल्या ताणदोरीचं टोक बाहेरच्या कापडाला घासत होतं. बाहेर जाऊन दोरी त्यांनीच ताणली, मी टॉर्चसुद्धा धरला नाही. पहाटे पुन्हा काहीतरी सळसळलं म्हणे. सकाळी चहा घेताना सांगितलं, "पाल्यातून उंदीर गेला असावा, मी कूस बदलून झोपले." जमिनीला कान लावून झोपलं की वाळक्या पाल्यातला उंदीरही रेड्याएवढा वाटतो, हे आता त्यांना कुणी सांगायची गरज नाही.

मी ज्याला आत्मविश्वास म्हणते तो हा, ताई. आवाज आला की तो कसला आहे हे शोधायची रीत हातात असणं. आणि शोधूनही कळलं नाही, मन मानेना, तर रात्री दहा वाजता तंबू गुंडाळून निघून यायची तयारी असणं. मी स्वतः तीनदा अशी परतले आहे. एकदा ढग भरून आले म्हणून, एकदा जागा बसकी निघाली आणि खालचा ओढा वाढेल असं वाटलं म्हणून. तिसऱ्या वेळी कारण सांगता येत नव्हतं, तरी निघाले. घाबरलेली पण तसं कबूल न करणारी मुलगी हट्टाने तिथेच बसून राहते. मला तिची जास्त काळजी वाटते.

बायकांसाठी वेगळं कशाला, हा प्रश्न मीही स्वतःला बरीच वर्षं विचारला. उत्तर मिश्र गटांत बघून बघून मिळालं. दहा-बारा मुक्काम केलेली बाई असते, पण तिने एकही खुंटी ठोकलेली नसते. तंबू कुणीतरी झटपट उभारून देतं, नकाशा दुसऱ्याच्या हातात असतो, हिच्याकडे कांदा चिरायचं काम येतं. कुणाचा हेतू वाईट नसतो. पण गॅसच्या डब्यावर बर्नर फिरवताना क्षणभर फिस्स होतं, त्या क्षणाला हात मागे न घेणं हे स्वतः चार वेळा केल्याशिवाय येत नाही. बायकाच असल्या की ते काम करायला दुसरं कुणी पुढे सरसावत नाही. ती फिस्स ऐकते, दचकते, पुन्हा फिरवते.

आणि दुसरं कारण तुम्हालाही माहीत आहे, म्हणूनच तुम्ही लिहिलंत. बाईला रानात भीती असते ती बहुतेकदा माणसाची. त्यावर 'घाबरू नकोस' म्हणणं हा तिचा अपमान आहे. करता येण्यासारखं जे आहे ते आम्ही करतो. गाडी पोचते तिथे मुक्काम नाही, पुढे तास-दीड तास चालून जायचं. तंबू पायवाटेवरून दिसू नये, रंग मातकट असावा. वाटेत कुणी विचारलं तर आज कुठे थांबणार हे सांगायचं नाही. फोटो टाकायचे ते घरी पोचल्यावर.

आणि जिथे जाणार तिथला कायदा वाचून जायचा. हा मुद्दा कोरडा वाटतो, पण त्याचा आपल्या बोलण्याच्या आवाजावर परिणाम होतो. नॉर्वेत १९५७च्या कायद्याने मोकळ्या रानात तंबू ठोकायचा हक्क आहे, राहत्या घरापासून १५० मीटर अंतर ठेवून. स्कॉटलंडमध्ये २००३च्या कायद्याने तो मिळाला. इंग्लंडमध्ये मात्र बहुतेक ठिकाणी जमीनमालकाची परवानगी लागते, आणि डार्टमूर या राष्ट्रीय उद्यानाच्या अपवादावरून प्रकरण तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, २०२५च्या निकालात तो हक्क टिकला. आपण इथे थांबू शकतो हे पक्कं माहीत असलेली बाई, कुणी हटकलं तर मान वर करून बोलते. नियम माहीत नसलेली चोरासारखी आक्रसून बसते.

तुमची प्रतिक्रिया वाचताना मला एमा गेटवूड आठवल्या. अकरा मुलांची आई. १९५४मध्ये अमेरिकेतल्या अपालाचियन ट्रेलवर एकट्या निघाल्या, वाट चुकल्या, आणि वनरक्षकांनी समजावून घरी पाठवलं. १९५५मध्ये पुन्हा निघाल्या. वय ६७, पाठीवर घरी शिवलेली झोळी, तंबू नाहीच, पाऊस आला तर न्हाणीघराचा प्लास्टिकचा पडदा. तीन हजार किलोमीटरांहून जास्त अंतर एकाच हंगामात एकटीने चालून पूर्ण करणाऱ्या त्या पहिल्या बाई. लोक ५५ सालाबद्दल बोलतात. मला ५४ साल जास्त मोलाचं वाटतं. तेव्हा परत आल्या म्हणून पुढचं घडलं.

तर तुमच्या मुलीबद्दल. पुढच्या महिन्यात एकदम एकटी नको, हे मीही तिला सांगेन. आधी तंबू घराच्या गच्चीवर किंवा अंगणात लावून एक रात्र त्यात झोपू दे, शक्यतो पावसाच्या रात्री. मग मैत्रिणीबरोबर, पण तंबू वेगळे. मग तीच जागा, एकटीने, जिथून दोन तासांत चालत घरी किंवा गाडीपाशी येता येईल.

आणि एक काम तुमचं. माझा लेख तिथे मदतीला येणार नाही, हे खरं आहे. पण तुम्ही येऊ शकता. ती जायच्या आदल्या दिवशी दोघी बसा आणि एका कागदावर लिहा: तंबूची जागा नकाशावरच्या अक्षांश-रेखांशासह, जायची आणि यायची वाट, तंबूचा आणि जॅकेटचा रंग. सकाळी किती वाजेपर्यंत तिचा निरोप यायला हवा, नाही आला तर किती वेळ थांबायचं आणि त्यानंतर कुणाला फोन करायचा, त्या भागातल्या बचाव पथकाच्या नंबरासकट. वेळ ठरवताना तिला रेंजमध्ये यायला लागणारे दोन तास धरा, नाहीतर उगाच जीव टांगणीला लागेल. कागदाची एक प्रत तिच्या सॅकमध्ये, एक तुमच्या फोनशेजारी.

ती रात्र तुम्हाला झोप लागणार नाही, ते मी नाकारत नाही. माझी आई अजूनही जागी असते. सकाळी सातला मी 'उठले' एवढाच निरोप पाठवते आणि तिचं उत्तर त्याच मिनिटाला येतं.