आधी ड्रायव्हर बघा, मग पॅड घ्या!

घरी बीट बनवायची म्हटलं की सल्ला ठरलेला: १६ पॅडची (बोटांनी दाबून आवाज वाजवायच्या बटणांची) मशीन घे. लॅमिंग्टन रोडला खिसा रिकामा करायचा, घरी येऊन पॅड दाबायचं, आवाज उशिरा आला की पॅडला शिव्या! अरे, पॅड काय करणार? बफर (संगणक एका वेळी साठवून मग वाजवतो तो आवाजाचा तुकडा) १०२४ सॅम्पलचा असेल तर ४४.१ किलोहर्ट्झला २३ मिलिसेकंद तिथेच जातात. दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस (संगणकात आवाज आत-बाहेर नेणारा डबा) घ्या, विंडोज असेल तर त्याचाच एएसआयओ ड्रायव्हर (संगणक आणि डब्याला जोडणारं, आवाज लवकर पोचवणारं सॉफ्टवेअर) टाका, बफर १२८ करा: ३ मिलिसेकंदांच्या आत. मिक्सिंगला, म्हणजे सगळ्या आवाजांचा मेळ बसवताना, पुन्हा १०२४. एवढं सांगायला जीभ झिजते का? आणि वर ब्लूटूथ हेडफोन! ठेका मागून ऐकू येत असताना वाजवायचं कसं?

सॉफ्टवेअरचं तेच. एफएल स्टुडिओच्या ट्रायलमध्ये सेव्ह होतं, पण बंद केलेला प्रोजेक्ट पुन्हा उघडत नाही. हे रात्रभर राबल्यावरच का कळावं? अनेक कंट्रोलरसोबत (पॅड, कीबोर्ड वगैरे) एबलटन लाइव्ह लाइट हे तसलंच सॉफ्टवेअर फुकट मिळतं, तो कोड खोक्यातच पडून.

सगळ्यात संताप स्पीकरचा. चाळीतल्या १० बाय १० च्या खोलीत ८ इंची मॉनिटर स्पीकर कशाला? १० फुटांवरच्या दोन भिंतींमध्ये ५६ हर्ट्झच्या आसपास खोलीच घुमते, नेमकी ८०८ किकची (बीटमधल्या खोल ‘धूम’ ठोक्याची) जागा. भिंतीला टेकून बसलात तर बेस बदाबदा, मधोमध बसलात तर गायब. मग मिक्स करताना बेसची कापाकापी चुकते आणि रिक्षात बीट पोकळ वाजते. ५ इंची घ्या, सोबत वायरचे हेडफोन. पण नाही, दुकानात पुन्हा तेच: मोठे न्या!