मॅग्नमचं शेवटचं पाकीट

पाकीट माझ्या हातात होतं. हे आधीच सांगते, कारण परवापासून घरात जो तो मलाच समजावतोय की दुकानाच्या फ्रिजमधलं पाकीट काय, कुणीही उचलेल. फ्रिजमधलं नव्हे. हातातलं.

घरच्या बिअरचं सामान आणायला गेले होते. २० लिटर पिल्सनर, म्हणजे फिकट सोनेरी बिअर, आणि कडवटपणासाठी २५ ग्रॅम मॅग्नम. मॅग्नम हा हॉपचा, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या वेलीच्या फुलांचा, एक वाण. दुकानात मॅग्नमचं एकच पाकीट उरलेलं. त्यावरचा अल्फा ॲसिडचा, म्हणजे हॉपमधल्या कडवटपणा देणाऱ्या घटकाचा, आकडा वाचत होते, १२ टक्के, तेवढ्यात मागून आवाज आला, "मिस्टरांसाठी घेताय का?"

वळून पाहिलं. नीट विंचरलेली दाढी, कपाळावर चढवलेला चष्मा, हातात टोपली. "माझ्यासाठी," मी म्हणाले. ते त्यांनी ऐकलंच नाही. अशा माणसांना उत्तर नको असतं, प्रश्न विचारून घसा तेवढा मोकळा करून घ्यायचा असतो.

"एक लक्षात ठेवा मॅडम. कडवटपणाचा हॉप तासभर उकळतो. वास सगळा वाफेबरोबर उडून जातो. मागे काय राहतं? कडू. आणि कडू ते कडू! मॅग्नम काय, वॉरियर काय, कोलंबस काय!"

"हो, माहीत आहे मला."

"अल्फा ॲसिड पाण्यात धड विरघळत नाही. उकळताना त्याची रचना बदलते, आयसोमराइज होतं ते, तेव्हा कुठे वर्टमध्ये, म्हणजे आंबवायच्या आधीच्या धान्याच्या गोड काढ्यात, उतरतं." रचना कशी बदलते हे दाखवायला त्यांना हातात काहीतरी हवं होतं. त्यांनी माझ्या हातातलं पाकीट घेतलं आणि ते हवेत असं काही पिळलं की जणू तेच अल्फा ॲसिड.

"आता समजा, मॅग्नम मिळालं नाही."

समजा!

"तर जुनं वजन गुणिले जुने टक्के, भागिले नवे टक्के. २५ गुणिले १२, ३००. कोलंबस १५ टक्के. ३०० भागिले १५?" आणि भुवया उंचावून थांबले. मी, बाईंसमोर पाढा म्हणणाऱ्या पोरीसारखी, "२०" म्हणून मोकळी झाले. सगळ्यात जास्त राग मला याचाच येतोय.

"शाब्बास! २० ग्रॅम कोलंबस टाका आणि निर्धास्त राहा." पाकीट त्यांच्या टोपलीत गेलं.

"अहो, मग तुम्हीच कोलंबस घ्या ना!"

"छे छे," ते म्हणाले, "माझी रेसिपी मॅग्नमची आहे."

आणि गेले.

दुकानात टेटनांग नावाचं आणखी एक हॉप होतं, पण ४ टक्क्यांचं. हिशेबाने ७५ ग्रॅम. एवढा पाला टाकला की तळाशी हिरवा चिखल बसतो, तो वर्ट पिऊन टाकतो, वर गवताची चव. निमूट कोलंबस घेतलं. त्यात कोह्युम्युलोन, म्हणजे अल्फा ॲसिडांपैकीच एक, जास्त, म्हणून त्याचा कडूपणा घशाला ओरखडतो, असं जुने लोक सांगतात. नवे म्हणतात, असं काही सिद्ध झालेलं नाही. दोघेही हे मला विचारल्याशिवाय सांगतात.

७ वर्षं मी बिअर करतेय. मिस्टरांनी त्यात बाटल्या धुण्यापलीकडे काही केलेलं नाही. पण हे दुकानात सांगायची सोय नाही, कारण सांगितलं की लोक त्यांचंच कौतुक करतात. बाटल्या धुतात हो!

रात्री मोजायला बसले, तर घरच्या काट्याने सूड घेतला. चिमूट टाकली, १७. आणखी चिमूट, १७. आणखी, तरी १७. मग एकदम २३. हॉप दाबून केलेल्या जादाच्या गोळ्या वेचताना बोटांत चुरल्या, बोटं हिरवी चिकट झाली, आणि तीच बोटं मी डोळ्याला लावली. शेवटी वर्टमध्ये किती ग्रॅम गेलं ते देव जाणे.

आता पिल्सनर थंडाव्यात आंबतेय. प्यायला कित्येक आठवडे आहेत. घशाला ओरखडली तर २० लिटर वाया. आणि छान झाली तर तो माणूस बरोबर.

काल रात्री सगळे झोपल्यावर फर्मेंटरशी गेले. बुडबुडे छान येत होते. आजूबाजूला पाहिलं आणि हळूच म्हणाले, "थोडीशी बिघड."