स्पेक्ट्रमच्या आठही रॅम चिप उपटायच्या आधी मीटर लावा बे

व्हॉट्सॲपवर एक मेसेज लई फिरतोय, सोलापुरात ज्याच्या माळ्यावर जुना झेडएक्स स्पेक्ट्रम, म्हणजे सिंक्लेअर कंपनीचा 1982 चा घरगुती कॉम्प्युटर, पडलाय त्या सगळ्यांकडे बहुतेक पोचलाय. त्यात म्हटलंय की स्क्रीनवर कचरा दिसला म्हणजे रॅम गेली, बोट लावून बघा, जी चिप गरम ती खराब, खात्री करायची तर वरून दुसरी चिप दाबून धरा, नाहीतर सरळ आठही काढून 4164 नंबरच्या दुसऱ्या रॅम चिप टाका, स्वस्त पडतात. कॉन्फिडन्स जबरदस्त आहे, पण असं केलं तर बरं मशीनही मरेल.

कचरा म्हणजे रॅम, हे अर्धंच खरं. 48के मशीनमध्ये रॅम दोन जागी असते. वरची 32के गेली तर मशीन नीट चालू होतं, 1982 ची सिंक्लेअरवाली ओळ पण येते, फक्त ते स्वतःला 16के समजतं. बेसिकमध्ये PRINT PEEK 23732+256*PEEK 23733 टाका, 65535 आलं तर ठीक, 32767 आलं तर वरची बँक, म्हणजे ती 32के, गेलीय किंवा तिच्या बाजूचं लॉजिक. खालची 16के म्हणजे बोर्डावर आयसी 6 ते 13 लिहिलेल्या 4116 नंबरच्या आठ रॅम चिप, आणि स्क्रीन हिच्यातच असते, त्यामुळे तमाशा दिसतो तो हिचा. चालू करताना क्षणभर काळ्यावर लाल बारीक उभ्या रेघा येतात ना, ती रॉमची मेमरी टेस्टच आहे. ते चित्र तसंच अडकलं आणि त्यात दर आठ ठिपक्यांनी एक जादा रेघ असली तर एकच चिप धरायची, कारण एक चिप म्हणजे एक बिट, आणि आठातला डावीकडचा पहिला ठिपका म्हणजे बिट 7. एवढं स्क्रीनच सांगते तर आठ कशाला उपटायच्या? नुसता गिचमिड कचरा असला तर मात्र यूएलए (स्क्रीन सांभाळणारी सिंक्लेअरची खास चिप), झेड80 (प्रोसेसर), रॉम किंवा रॅमला पत्ते पोचवणाऱ्या छोट्या 74एलएस157 चिप, यापैकी कोणीही असू शकतं.

गरम चिपचं बघू. 4116 चांगली असली तरी कोमट लागते, आणि मे महिन्यात आपल्याकडे दुपारी टेबलसुद्धा गरम लागतं. एखादी बोट ठेववत नाही इतकी तापली तर संशय घ्या, पण का तापली ते आधी बघा, आणि इथेच मेसेजमध्ये मुख्य गोष्ट गायब आहे. 4116 ला तीन सप्लाय लागतात: पाय 1 ला उणे 5, पाय 8 ला 12, पाय 9 ला 5 व्होल्ट. उणे 5 गेलं आणि 12 चालू राहिलं की चिप तापून मरतात. हे 12 आणि उणे 5 बोर्डावरच एक छोटी कॉइल आणि टीआर4 नावाचा ट्रान्झिस्टर मिळून बनवतात, आणि चिप शॉर्ट झाली की टीआर4 जातो, टीआर4 गेला की चिप जातात. म्हणजे सप्लाय न बघता नवीन आठ टाकल्या तर त्याही जाणार. मीटरचा काळा प्रोब ग्राउंडला, लाल पाय 1 वर, आणि उणे 5 दिसलं नाही तर ताबडतोब बंद. यात दोन मिनिटं पण जात नाहीत.

वर चिप दाबून धरायची आयडिया कधीकधी चालते, खालच्या चिपचं आउटपुट पूर्ण मेलेलं असेल तरच. ते शून्याला चिकटलेलं असेल तर दोन्ही चिप एकमेकींशी भांडत बसतात आणि तुम्हाला काहीच कळत नाही.

आता 4164. हिला फक्त 5 व्होल्ट लागतं आणि तेही पाय 8 वर. 4116 च्या जागी तशीच बसवली की पाय 8 वर 12 व्होल्ट, संपली. आधी 12 ची लाइन तोडून तिथे 5 द्यावं लागतं, मग चालते, पण हे मेसेजमध्ये कुठंय? उलट वरच्या बँकेत, जिथे मूळच्या अर्ध्या खराब 64के चिप वापरल्यात, तिथे 4164 खुशाल चालते. तिथे मूळचीच जात हवी असेल तर मात्र कुठला अर्धा भाग चांगला ते आठही चिपचं सारखं लागतं आणि बोर्डावरची लिंकही त्याप्रमाणे.

आणि काढायचीच असेल तर चिपचे पाय कापून एकेक पाय उपसा, जागेवर सॉकेट लावा. तो ट्रॅक एकदा उखडला की मेसेज पाठवणारा जोडून द्यायला येणार नाहीये.