‘हवामान निर्वासितां’चा कायदा आहे कुठे? आणि कागद कोणाकडे मागताय?

गेल्या आठवड्यात आईने आमच्या कामवाल्या मावशींकडे आधार कार्ड मागितलं. घणसोलीच्या आमच्या घरी मावशी नऊ वर्षं येताहेत. त्या काही बोलल्या नाहीत. कमरेला खोचलेली प्लास्टिकची पिशवी काढली आणि ओट्यावर, ओल्या भांड्यांशेजारी, एकेक कागद मांडला. आधार, मतदार ओळखपत्र, रेशनकार्डाची झेरॉक्स. मला ते बघवेना.

निमित्त सोसायटीच्या ग्रुपवरच्या मेसेजचं. त्यात म्हटलंय की संयुक्त राष्ट्रांनी ‘हवामान निर्वासितां’साठी, म्हणजे हवामान बदलामुळे देश सोडावा लागलेल्यांसाठी, कायदा केला, भारताने त्यावर सही केली, आता कोणालाच परत पाठवता येणार नाही. २१ कोटी लोक सीमा ओलांडणार आहेत. आणि नाक्यावरचे मजूर, घरकामाच्या बायका त्यांच्यातल्याच, म्हणून त्यांना कामावर ठेवू नका.

असा कायदा नाही. निर्वासित कोणाला म्हणायचं हे १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारात ठरलंय: वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत यामुळे छळ होण्याची रास्त भीती ज्याला आहे, तो. पूर, दुष्काळ, वाढता समुद्र यातलं काहीच त्यात नाही. आणि भारताने सही केली म्हणता? याच मूळ करारावर भारताची सही नाही.

अर्धं सत्य एक आहे, ते मान्य करतो. किरिबाटी या बेटांच्या देशातल्या इओआने टेइटिओटा यांनी न्यूझीलंडमध्ये आश्रय मागितला होता. समुद्र वर येतोय, गोड्या पाण्यात खारं पाणी शिरतंय, हे त्यांचं कारण. न्यूझीलंडने त्यांना २०१५ मध्ये परत पाठवलं. ते संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीकडे गेले. जानेवारी २०२० मध्ये जाहीर झालेल्या निर्णयात समितीने म्हटलं की हवामान बदलामुळे जिवालाच धोका असेल, तर अशा ठिकाणी माणसाला परत धाडणं हक्कभंग ठरू शकतं. मेसेज लिहिणाऱ्याने बहुधा एवढंच उचललं. पुढचं वाचलंच नाही, कारण टेइटिओटा हरले. धोका अजून तितका जवळ आलेला नाही, उपाय करायला वेळ आहे, असं समितीच्या बहुमताचं मत पडलं. ज्याच्या पायाखालची जमीन बुडतेय त्यालाही संरक्षण मिळालं नाही, आणि आपण घाबरतोय ते संरक्षणाच्या सुळसुळाटाला!

२१ कोटींचं एका ओळीत सांगतो. जागतिक बँकेच्या २०२१ च्या अहवालात २०५० पर्यंतचा २१.६ कोटींचा अंदाज आहे, पण तो आपापल्या देशातल्या देशात हलणाऱ्यांचा आहे, सीमा ओलांडणाऱ्यांचा नाही.

आता शेवटचा मुद्दा, ज्याने माझं डोकं फिरलं. मावशी बीड जिल्ह्यातल्या. घरची कोरडवाहू जमीन, दिवाळीनंतर मुकादमाची उचल (मजुरीची आगाऊ रक्कम) घेऊन ऊसतोडीला जायचं, ही रीत. २०१६ च्या उन्हाळ्यात, लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं त्याच वर्षी, त्यांची बोअर आटली. बैल विकले आणि नवरा इथे नाक्यावर उभा राहिला. सकाळी सातला आमच्या नाक्यावर जाऊन बोलून बघा. बीड, जालना, परभणी, यवतमाळ हीच नावं ऐकू येतील. देशात कुठेही राहायचा, स्थायिक व्हायचा हक्क या माणसांना राज्यघटनेच्या कलम १९ ने दिलाय. त्यासाठी सोसायटीच्या परवानगीची गरज नाही. आणि एखादा खरंच सीमेपलीकडून आला असेल, तरी त्याचा निवाडा करणं सेक्रेटरींचं काम नाही.

यांना मिळतं काय, हेही बघा. २०२३ मध्ये इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा वाचलेल्यांसाठी सिडकोने घरं बांधली. ते योग्यच झालं. पण विहीर हळूहळू आटते तेव्हा गाव एका रात्रीत गाडलं जात नाही, एकेक घर उठून जातं. दुष्काळाचं अनुदान जमिनीच्या हिशेबाने गावात येतं. गाव सोडून आलेल्या बाईला विस्थापित म्हणून इथे घर मिळत नाही.

मावशी सोमवारपासून आलेल्या नाहीत. आईने दोनदा फोन केला, त्यांनी उचलला नाही. ज्यांनी तो मेसेज टाकला त्यांनी तो काढावा, आणि खोटा होता हे त्याच ग्रुपवर लिहावं. रविवारी मी आईला घेऊन मावशींच्या घरी जाणार आहे.